हळकुंडावरचं शिसं आणि खडकाचं वय

हिंगोलीच्या मार्केट यार्डाला नाव संत नामदेवांचं, आणि तिथे ढीग लागतात ते हळदीचे. नामदेवांचं जन्मस्थान म्हणून ज्याच्याकडे वारकरी वळतात ते कयाधूकाठचं नरसी याच तालुक्यातलं. उन्हाळा लागला की या सगळ्या पट्ट्यात हळद काढणं, शिजवणं, वाळवणं यांची एकच धांदल उडते.

कुकरमध्ये वाफेवर शिजवून उन्हात कडक वाळवलेलं हळकुंड हातात घेऊन पाहा. ते पिवळं दिसतच नाही. मातकट, सुरकुतलेलं, बारीक मुळ्यांचे धागे चिकटलेलं असतं. मग ते जाळीच्या ड्रममध्ये टाकून गरागरा फिरवतात. हळकुंडावर हळकुंड घासतं, खरबरीत साल झडते आणि आतला पिवळेपणा वर येतो. हे पॉलिश. बाजारात आधी नजरेत भरते ती हीच झळाळी, आणि भावही तिलाच चढा. या झळाळीच्या मोहापायी शेजारच्या देशात जे घडलं, त्याचा उलगडा हा सार्वजनिक आरोग्यातल्या अलीकडच्या सगळ्यात थक्क करणाऱ्या शोधांपैकी एक आहे.

बांगलादेशातल्या खेड्यांमधल्या ४३० गरोदर बायकांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतल्या ३१ टक्के जणींच्या रक्तात शिसं जास्त निघालं. आसपास कारखाना नाही, बॅटऱ्यांची भट्टी नाही, शिशाचं पेट्रोल केव्हाच बंद झालेलं. मग शिसं आलं कुठून? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्सिथ आणि ढाक्यातल्या आयसीडीडीआर,बी या संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी माती, तांदूळ, कीटकनाशकं, डबे असं एकेक तपासत गेले. त्यात हळदही होती.

संशयितांमधून खरा गुन्हेगार शोधून दिला तो अणूंनी. शिशाचे अणू चार वजनांचे असतात: २०४, २०६, २०७ आणि २०८. पहिला आहे तेवढाच राहतो. बाकीच्या तिघांमध्ये मात्र भर पडत असते, कारण खडकातलं युरेनियम आणि थोरियम कोट्यवधी वर्षं झिजत झिजत शेवटी शिसंच होतं. म्हणून प्रत्येक खाणीतल्या शिशात या चौघांचं प्रमाण वेगळं. त्या प्रमाणात त्या धातुकाचं वय आणि कूळ लिहिलेलं असतं, आणि शिसं वितळवा, रंगात मिसळा, गिळा, ते पुसलं जात नाही. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली याच प्रमाणावरून पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं ठरवलं होतं. पृथ्वीची जन्मतारीख सांगणारी तीच मोजणी आता गरोदर बाईच्या थेंबभर रक्तावर लावली गेली. त्या रक्तातल्या शिशाचं कूळ सगळ्यात जवळून जुळलं ते हळदीतल्या शिशाशी.

हळदीच्या पिकात ते आलेलं नव्हतं. पॉलिश करताना हळकुंडांवर लेड क्रोमेट टाकलं जात होतं. रंगाच्या कारखान्यात वापरतात ती ही पिवळीजर्द पूड. १९८०च्या दशकात महापुराने भिजून काळवंडलेली हळद खपवण्यासाठी ही युक्ती निघाली आणि पुढे तीच रीत होऊन बसली.

शिसं घातक का? कारण ते शरीरात कॅल्शियमचं सोंग घेतं. हाडं त्याला आपलं समजून साठवून ठेवतात, वार त्याला अडवत नाही, आणि घडत्या मेंदूत जिथे कॅल्शियमने निरोप पोचवायचा तिथे ते जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं मुलांचं शरीर शोषून घेतं. बुद्धी मंदावते, लक्ष लागत नाही, आणि आईबापांना दिसण्यासारखं एकही लक्षण नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ते घातक प्रमाणात आहे.

पण ही गोष्ट इथे थांबत नाही, म्हणूनच ती सांगावीशी वाटते. बांगलादेश सरकारने २०१९ मध्ये ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घातली. हळकुंडावर क्ष-किरण टाकून त्यातलं शिसं जागच्या जागी दाखवणारं हातात मावेल एवढं यंत्र अधिकाऱ्यांकडे होतं. माल जप्त झाला, दंड झाले, बाजारोबाजारी पत्रकं लागली. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरलं. ना नवं औषध, ना लस. विष कुठून येतं ते कळलं आणि ती वाट बुजवली.

आपल्यासाठी यात मोठं काम आहे. भारतासह चार देशांतल्या २३ शहरांची हळद तपासून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाटण्याच्या काही नमुन्यांत शिसं हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भाग) वर गेलेलं आढळलं. आपली कायदेशीर मर्यादा आहे दहा. मुलांच्या रक्तातलं शिसं नेमाने मोजण्याची सोय आपल्या आरोग्य व्यवस्थेत अजून नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यावर उपायही होत नाही.

हिंगोलीच्याच पट्ट्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाची राखण करायची तर प्रत्येक हळद बाजारात ढाक्यातल्यासारखं एक क्ष-किरण यंत्र हवं, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी हवी. घरी एवढं करता येईल: अख्खं हळकुंड पेलाभर पाण्यात टाकून पाहा. वरून रंगवलेलं असेल तर पिवळा रंग लगेच उतरू लागतो. शिशाची पक्की खात्री मात्र प्रयोगशाळाच देते. आणि दुकानात सगळ्यात झळाळणाऱ्या ढिगाकडे हात जाईल तेव्हा शेजारचा मातकट ढीगही बघा. गिऱ्हाइकाने झळाळी मागणं सोडलं, तर रंग लावण्याचं कारणच उरणार नाही.