हार्डकोअर पंक : गोंगाटामागची शिस्त

उंब्रजजवळच्या पालीच्या खंडोबा यात्रेत ढोल अंगात भिनतो, तो ज्याने अनुभवला आहे त्याला हार्डकोअर पंक फार परकं वाटू नये. १९८० च्या आसपास अमेरिकेत पंकचा वेग आणि राग वाढवून हा प्रकार घडला. छोटी गाणी, मोजके सूर, गायनापेक्षा ओरडणं. पुढे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या ‘नेपाम डेथ’ या बँडने त्याला धातूसारखी धार दिली. त्यांच्या १९८७ च्या ‘स्कम’ अल्बममधलं एक गाणं जेमतेम सव्वा सेकंदाचं आहे!

यातला गोंगाट अपघाताने होत नाही. गिटार स्पीकरसमोर धरली की स्पीकरचा आवाज गिटारच्या तारांना पुन्हा थरथरवतो, तोच कंप वाढून परत स्पीकरमधून येतो आणि किंचाळी सुरू होते. वादक एक पाऊल पुढे-मागे सरकून ती हवी तशी वळवतो. ड्रमर मात्र त्या कल्लोळात अतिवेगवान ठोके एकसारखे ठेवतो. माझ्या मते या संगीतातलं सर्वांत अवघड काम त्याचंच.

मुंबईत ‘स्क्राइब’ या बँडने हार्डकोअर आणि मेटलची सांगड घातली आणि तिला हिंदी सिनेमाची फोडणी दिली, २०१४ च्या त्यांच्या अल्बमचं नावच ‘हेल मोगॅम्बो’. ‘गटस्लिट’ हा २००७ पासूनचा मुंबईचाच बँड त्याहून जहाल. शब्द कळले नाहीत तरी बिघडत नाही. पहिल्यांदा ऐकताना फक्त ड्रमकडे कान द्या, आणि आवाज बेताचा ठेवा.