उरलेल्या बळाचा हिशेब

घरातील वडीलधारे माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळले की काय गेले हे सर्वांना दिसते. काय उरले याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. तो कसा मांडावा, हे मुरलीकांत पेटकर यांच्या आयुष्यातून शिकता येते.

सांगली जिल्ह्यातील पेठचे पेटकर भारतीय सैन्यात असताना मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली व कमरेखालचे बळ गेले. मुष्टियोद्ध्याची चपळाई पायांत असते. रिंगण तेथेच संपले. परंतु खांदे आणि हात शाबूत होते. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहण्यास सांगण्यात आले. गळ्याइतक्या पाण्यात देहाचा भार जेमतेम एक दशांश उरतो, म्हणून दुबळ्या शरीरालाही हालचाल साधते. पुढे १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या आजोबांनी पदक जिंकावे, असे कोणी म्हणत नाही. मात्र चौक परिसरातील घरांत मी नेहमी पाहतो, की सून घास भरवते, मुलगा उचलून बसवतो आणि धडधाकट हातही मांडीवर निजून राहतो. ही माया खरी असली, तरी न वापरलेला स्नायू काही दिवसांतच झिजू लागतो. म्हणून रुग्णास ताठ बसवून घास त्याच्या हाती द्यावा. सांडले तर पुसता येते. गिळताना ठसका लागत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. चूळ भरणे, केस विंचरणे, सदऱ्याची गुंडी लावणे ही कामे, वेळ लागला तरी, त्यालाच करू द्यावीत. लुळा हात धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. स्वतः कूस बदलता येत नसेल, तर दर दोन तासांनी आपण बदलावी आणि माकडहाड व टाचा रोज तपासाव्यात. पाण्यातील व्यायाम केवळ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा. त्यासाठी पाताळगंगेत वा विहिरीत कोणास उतरवू नये.

आज जेवणाचे ताट पुढे ठेवाल, तेव्हा चमचा आपल्या हाती न घेता त्यांच्या हाती द्या आणि शेजारी बसून राहा.