हिवताप आणि वनौषधी : उपयोग व मर्यादा

ताप आला की गुळवेलीचा अथवा काडेचिराइताचा काढा घेण्याची प्रथा आपल्या ग्रामीण भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वनस्पतींवरील हा विश्वास सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. हिवतापावरील दोन प्रभावी औषधे वनस्पतींनीच दिली आहेत. सिंकोनाच्या सालीतून क्विनाईन १८२० मध्ये फ्रान्समध्ये वेगळे करण्यात आले. आर्टेमिसिनिन हे द्रव्य चीनमधील संशोधिका तू यूयू यांनी प्राचीन वैद्यकग्रंथाच्या आधारे शोधले. त्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले.

मग काढ्यानेच हिवताप का बरा होऊ नये? याचे उत्तर मात्रेत आहे. वनस्पतीतील गुणकारी द्रव्याचे प्रमाण जमीन, हवामान व तोडणीचा काळ यांप्रमाणे बदलते. त्यातच आर्टेमिसिनिन पाण्यात अत्यल्प विरघळते. त्यामुळे काढ्यातून औषध किती मिळाले, हे कोणालाच सांगता येत नाही. अपुऱ्या मात्रेने काही जंतू मरतात, उरलेले पुन्हा वाढतात आणि औषधाला दाद न देण्याची शक्ती त्यांच्यात येऊ शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने या वनस्पतीचा चहा वा पाला हिवतापासाठी वापरू नये, असे २०१९ मध्ये स्पष्ट केले.

दुसरा धोका फसव्या आरामाचा. हिवतापाचा ताप मधूनमधून आपोआप उतरतो. त्याचे श्रेय काढ्याला दिले जाते आणि रक्ततपासणी लांबणीवर पडते. फॅल्सिपेरम प्रकारात अशी दिरंगाई प्राणावर बेतते. जंतूंचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचल्यास रुग्ण बेशुद्ध होतो. गडचिरोलीसारख्या जंगलव्याप्त जिल्ह्यात याची जाणीव विशेष हवी.

यास्तव ताप येताच आशा कार्यकर्तीकडून अथवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. ही तपासणी व उपचार शासनातर्फे विनामूल्य आहेत. फॅल्सिपेरमवर आर्टेमिसिनिनवर्गीय संयुक्त औषध तीन दिवस दिले जाते. म्हणजे वनस्पतीचाच गुण, पण मोजलेल्या मात्रेत. व्हायवॅक्स प्रकारात क्लोरोक्विन तीन दिवस व प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावयाचे असते. गरोदर स्त्रिया व तान्ही बालके यांना मात्र प्रायमाक्विन देत नाहीत. ताप उतरला तरी औषधे मध्येच सोडू नयेत.

गावातील वैदूंचा अधिक्षेप करण्याचे कारण नाही. उलट, तापाचा प्रत्येक रुग्ण त्यांनी प्रथम रक्ततपासणीसाठी पाठवावा, अशी विनंती पंचायत सदस्यांनी त्यांना करावी. ‘आधी रक्ततपासणी, मग उपचार’ हा नियम शिक्षकांनी मुलांमार्फत घरोघरी पोहोचविल्यास अनेक जीव वाचतील.