खरा नकाशा कोणता?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या पाठशाळेतील मुलांना भूगोल शिकविण्याचे काम माझ्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेला मनुष्य मोकळाच असतो, असा सर्वांचा समज असतो आणि तो अगदीच खोटा नाही. वर्गाच्या एका भिंतीवर शाळेत असतो तसा जगाचा नकाशा होता, तर समोरच्या भिंतीवर अढाईद्वीपाचा जुना पट. पहिल्याच दिवशी सातवीतल्या एका मुलाने दोन्ही भिंतींकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, "आजोबा, यातला खरा नकाशा कोणता?"

मी म्हणालो, "दोन्ही खरे." मुलगा गप्प बसला, पण अपुरी कागदपत्रे घेऊन कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे आम्ही ज्या नजरेने पाहत असू, त्याच नजरेने तो माझ्याकडे पाहत होता. अनेकांताचे नाव घेऊन अवघड प्रश्न टाळण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्या दिवशी मीही तेच केले. घरी परतल्यावर मला त्याची लाज वाटली आणि पुढचे सगळे वर्ग या एकाच प्रश्नावर घ्यायचे मी ठरविले.

दुसऱ्या दिवशी मी डझनभर संत्री घेऊन गेलो. मुलांनी सालीवर पेनाने खंड काढले, साल सोलली आणि ती पाटावर सपाट बसविण्याचा प्रयत्न केला. अर्थातच ती फाटली. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना काहीतरी फाडावे लागते किंवा ताणावे लागते, हे सांगण्यासाठी मला निराळे व्याख्यान द्यावे लागले नाही. भिंतीवरचा आमचा शालेय नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा होता. जेरार्डस मर्केटरने ही पद्धत 1569 साली मांडली, ती खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारे जहाज या नकाशावर सरळ रेषेत दाखविता येते. त्या सोयीची किंमत म्हणून ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. मुलांनी पट्टीने मोजले तेव्हा ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भरले. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट आहे आणि आपला भारतही त्याच्या दीडपट आहे. "म्हणजे शाळेचा नकाशा खोटा?" असा गलका झाला. खोटा नव्हे, पण तो काढला कशासाठी, हे विचारल्यावाचून वाचण्यासारखाही नव्हे.

मग मी त्यांना आणखी दोन नकाशांची चित्रे दाखविली. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी अल्-इद्रिसी या विद्वानाने 1154 साली जगाचा नकाशा पुरा केला. त्यात दक्षिण वर आहे. मुलांना तो पाहण्यासाठी कागद उलटा धरावा लागला. इंग्लंडमधील हेरफर्डच्या चर्चमध्ये सन 1300 च्या सुमाराचा नकाशा आहे. त्यात पूर्व वर आणि मधोमध जेरुसलेम. ज्याला जे महत्त्वाचे, ते त्याने मध्यभागी ठेवले. उत्तर वरच असली पाहिजे, असा पृथ्वीचा काही नियम नाही.

एवढी तयारी झाल्यावर आम्ही समोरच्या भिंतीकडे वळलो. मधोमध मेरू असलेले जंबूद्वीप एक लाख योजने व्यासाचे. त्याभोवती लवणसमुद्र दोन लाख, धातकीखंड चार लाख, कालोदधी आठ लाख आणि पुष्करवरद्वीपाचा मानुषोत्तर पर्वतापर्यंतचा अर्धा भाग आठ लाख. ही बावीस लाखांची रुंदी दोन्ही बाजूंनी धरली, तर चव्वेचाळीस आणि मधला एक, मिळून पंचेचाळीस लाख योजने. मुलांनी ही बेरीज स्वतः केली. भरतक्षेत्राची रुंदी जंबूद्वीपाच्या एकशे नव्वदाव्या भागाएवढी, म्हणजे 526 पूर्णांक 6 एकोणिसांश योजने येते, हेही त्यांनी भागाकार करून ताडून पाहिले. व्यापाऱ्याच्या मुलाला हिशेब जुळला की आदर वाटू लागतो! हा पट ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो जहाज कुठे न्यायचे हा नाही. मनुष्यजन्म कुठवर मिळतो आणि मोक्षाची वाट कोणत्या भूमीतून जाते, हा तो प्रश्न आहे. त्या मुलाला मी स्पष्ट सांगितले की, पृथ्वी गोल आहे, जहाजे आणि विमाने त्याच हिशेबाने चालतात, आणि या पटावर मुंबई किंवा लंडन शोधू नये. पटाचा शास्त्रार्थ मात्र माझ्यासारख्याने सांगायचा नाही. त्यासाठी महाराजसाहेबांकडे जावे.

दोन दिवसांनी एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. "काका, मुलांच्या मनात शंका कशाला घालता?" त्यांचा स्वर रागाचा नव्हता, काळजीचा होता. मी त्यांना म्हटले, शंका मी घातलेली नाही. दोन्ही नकाशे समोरासमोर टांगले त्याच दिवशी ती वर्गात आली होती. उद्या हीच मुले परदेशी शिकायला जातील, तेव्हा ती त्यांच्या सामानातून जाणारच आहे. त्यांना ते पुरते पटले, असे मला वाटत नाही.

मला स्वतःला पुढचे वर्ग अधिक मोलाचे वाटले. त्यांत आम्ही आपले आचार नकाशावर ठेवून पाहिले. चौविहार घ्या. मुंबईत सूर्यास्त वर्षभर सहा ते सव्वासातच्या आसपास होतो, त्यामुळे दुकान आटोपून घरी जेवायला पोहोचणे कठीण असले तरी अशक्य नसते. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यास सूर्य चार वाजण्याच्या आधीच मावळतो आणि जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेल्यावर. तिथे डिसेंबरच्या अखेरीस सूर्योदय आठ वाजून गेल्यावर होतो. त्यात नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे मिळविली की नऊ वाजत येतात, म्हणजे शाळेची घंटा. व्रत तेच, शब्द तेच; अक्षांश बदलला की त्याची कसोटी बदलते. एका मुलीची आत्तेबहीण तिकडे राहते. ती हिवाळ्यात डब्याचे काय करते, हे वर्गातल्या सर्वांनाच जाणून घ्यायचे होते.

चातुर्मासाचेही तसेच. भारतात वर्षाच्या पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. ओली जमीन जीवजंतूंनी भरून जाते, म्हणून विहार थांबतो. केनियात नैरोबीला मोठा पाऊस मार्च ते मे आणि लहान पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. तिथले जुलै-ऑगस्ट कोरडे आणि थंड असतात. तरीही तेथील जैन कुटुंबे पर्युषण आपल्याच पंचांगाने, कोरड्या हवेत पाळतात. पायी विहार करणारे साधू-साध्वी सामान्यतः समुद्रापार जात नाहीत; त्यामुळे तिथे स्वाध्याय आणि प्रतिक्रमण श्रावकांनाच चालवावे लागले.

ही कुटुंबे तिथे गेली, तीही भूगोलामुळेच. जामनगरजवळच्या हालार भागातले अनेक ओशवाळ मुळात शेतकरी. संवत 1956 च्या, म्हणजे छप्पनियाच्या, दुष्काळाने जमीन करपली. हिवाळ्यातला ईशान्येचा वारा गलबतांना आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे नेई आणि पुढे नैऋत्येचा वारा त्यांना परत आणी. ही वाट दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून वाहती होती. मोंबासाहून आत जाणाऱ्या रेल्वेमुळे 1899 साली नैरोबी वसले आणि 1901 मध्ये ती रेल्वे व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोहोचली. रुळांच्या कडेने दुकाने उभी राहिली. तिथल्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात. आपला शब्द आणि त्यांचा शब्द एकाच घरची भावंडे आहेत, आणि 'स्वाहिली' हे नावही 'किनारा' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आले आहे. हे ऐकून मुले इतकी हसली की, शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

शेवटच्या आठवड्यात मी एकच गृहपाठ दिला. आपले कुटुंब कोणत्या गावाहून आले, कोणत्या वाटेने आणि कशामुळे, हे आजी-आजोबांना विचारून नकाशा काढायचा. बहुतेकांनी मारवाड आणि कच्छपासून रेघा ओढल्या. काही नकाशांत गावाचे नाव होते, पण कारणाची जागा कोरी होती, कारण सांगणारे कोणी उरले नव्हते.

पहिल्या दिवशीच्या त्या मुलाने आपला नकाशा दिला आणि जाता जाता विचारले, "आजोबा, नॉर्वेच्या उत्तरेला उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळतच नाही. तिथे चौविहार कधी करायचा?" या वेळी मी "दोन्ही खरे" असले काही बोललो नाही. मला माहीत नाही, म्हणालो. महाराजसाहेब चातुर्मासासाठी आले की आपण दोघे मिळून विचारू. त्याने तो प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर, तारीख घालून, लिहून ठेवला.