मँडोलिनचा संच जोडताना

मँडोलिनचा संच घरी येतो तेव्हा पेटीत वाकवलेल्या कडा, तबली, पाठ, दांडी, खाचा पाडलेली पडद्यांची पट्टी, घोडी आणि खुंट्या असतात. (हे शब्द सतारीचे आहेत. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; तिथले शब्द इथेही चपखल बसतात.) काय कशाला चिकटवायचे हे सोबतच्या कागदावर असते. काही गोष्टी मात्र आपणच ठरवायच्या असतात, आणि सरस वाळला की त्या बदलता येत नाहीत.

पहिला प्रश्न, वाजवणार काय? मँडोलिनला आठ तारा, म्हणजे चार जोड्या. व्हायोलिनसारख्याच सा-प अंतराने लावलेल्या. बँडच्या धून आणि सिनेगीतांसाठी जोड्याच हव्यात, कारण तो झंकार त्यांतूनच येतो. पण मींड काढायची तर दोन तारा एकदम खेचाव्या लागतात, ते जड जाते. संगीतकार सज्जाद हुसेन मँडोलिनवर रागदारी वाजवत. पुढे यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी जोड्या सोडून पाच एकेरी तारांचे विजेवर चालणारे मँडोलिन स्वीकारले. एकेरी तारा हव्या असतील तर घोडीच्या आणि दांडीच्या टोकाच्या खाचा पाडण्याआधीच ते ठरवा.

आकाराबद्दल मुले सर्वांत जास्त वाद घालतात. वरच्या बाजूला गुंडाळीसारखे वळण असलेला नमुना देखणा असतो, पण त्या वळणाने आवाजात फारसा फरक पडत नाही आणि काम दुप्पट होते. पहिल्या खेपेला साधा पेरूच्या आकाराचा, गोल भोकाचा संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गिब्सन कंपनीने १९२२ मध्ये एफ-५ नमुन्यात व्हायोलिनसारखी लांबट भोके आणली. त्यांचा आवाज टोकदार असतो. गोल भोकाचा आवाज मऊ, आणि घरात तोच बरा वाटतो.

खरी कसोटी हवेची. खंडेराव गेटच्या परिसरात राहणाऱ्यांना मे-जूनमधली लू ठाऊक आहे. पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि जुलैत तेच घर ओलसर होते. लाकूड दमटपणात आडवे फुगते, कोरडेपणात आकसते. तबलीखालच्या आधारपट्ट्या भर पावसाळ्यात चिकटवल्या, तर उन्हाळ्यात तबली आकसू पाहते, पट्ट्या तिला अडवतात आणि ती चिरते. म्हणून हे काम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मध्यम हवेत करावे. बाजारातला पांढरा डिंक भाराखाली उष्णतेने हळूहळू सरकतो. त्यामुळे दांडीच्या सांध्याला बोल्टची सोय असेल तर ती जरूर वापरा.

तबली घासून पातळ करण्याचा मोह होतो, कारण खर्ज खुलतो. आठ तारांचा एकूण ताण ७० किलोंहून अधिक असतो आणि त्यातला काही भार घोडीतून तबलीवर येतो. आपल्या हवेत ती आहे तेवढीच जाड ठेवावी. पॉलिश मात्र पातळच: लाखेचे चार-पाच हात पुरेत.

घोडी कधीही चिकटवू नका. तारा लावल्यावर बाराव्या पडद्यावर बोट नुसते टेकवून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर घोडी केसभर मागे सरकवा. ऋतू बदलला की हे पुन्हा तपासावे लागते.