प्वेब्लो: ऐकण्यासाठी पाठवलेले जहाज

उत्तर कोरियाच्या राजधानीत, प्योंगयांगमध्ये, युद्धसंग्रहालयालगत एक करड्या रंगाचे जहाज बांधून ठेवले आहे. पर्यटकांना ते विजयचिन्ह म्हणून दाखवले जाते. अमेरिकी नौदलाने मात्र ‘यूएसएस प्वेब्लो’ हे नाव आपल्या पटावरून आजही काढलेले नाही.

हे युद्धनौका म्हणून बांधलेले जहाज नव्हतेच. 1944 साली विस्कॉन्सिनमधल्या एका गोदीत लष्करासाठी बांधलेले ते मालवाहू जहाज. लांबी जेमतेम 54 मीटर, वेग ताशी बारा-तेरा सागरी मैल. 1966 मध्ये नौदलाने ते घेतले आणि त्यावर अँटेना चढवले. कागदोपत्री काम होते समुद्राचे संशोधन, आणि दोन समुद्रशास्त्रज्ञ खरोखरच सोबत होते. पण खरे काम चाले ते एका कुलूपबंद खोलीत, जिथे जहाजावरच्या बहुतेकांना प्रवेशच नव्हता. तिथे बसलेली माणसे किनाऱ्यावरची रेडिओ संभाषणे टिपत आणि रडारचे संकेत नोंदवत. प्रत्येक रडारची वारंवारता आणि स्पंदनांची लय वेगळी असते. ती एकदा नोंदली की कुठे कोणते रडार बसवले आहे आणि त्याला चकवायचे कसे, हे ठरवता येते.

अशा जहाजाला शस्त्रे कशाला, असा तेव्हाचा विचार होता. सोव्हिएत संघाची मासेमारी ट्रॉलरच्या रूपातली हेरजहाजे अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ रेंगाळत, अमेरिकेची त्यांच्या किनाऱ्याजवळ. तुम्ही आमच्या जहाजाला हात लावू नका, आम्ही तुमच्या जहाजाला लावणार नाही, असा तो अलिखित करार होता. माझ्या मते प्वेब्लोची सगळी शोकांतिका इथेच आहे. उत्तर कोरियाकडे दूरच्या समुद्रात फिरणारी अशी जहाजेच नव्हती. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याने हा करार का पाळावा?

जानेवारी 1968 मध्ये जहाज जपानमधल्या योकोसुकाहून निघाले आणि सासेबोहून पुढे कोरियाच्या पूर्व किनाऱ्याकडे गेले. कप्तान लॉइड बुकर यांनी गुप्त सामग्री झटपट नष्ट करण्याची साधने मागितली होती. ती मिळाली नाहीत, तेव्हा त्यांनी खलाशांच्या करमणुकीच्या निधीतून कागद जाळण्याची एक भट्टी विकत घेतली. 21 जानेवारीला उत्तर कोरियाच्या 31 कमांडोंनी दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर हल्ल्याचा प्रयत्न केला. सगळा द्वीपकल्प पेटला होता, आणि प्वेब्लोला ते कोणी कळवलेच नाही.

23 जानेवारीला वॉनसान बंदरासमोर उत्तर कोरियाच्या गस्ती नौकांनी प्वेब्लोला घेरले. थांबा, नाहीतर गोळीबार करू, असा इशारा आला. वर मिग विमाने घिरट्या घालत होती. प्वेब्लोवर मशीनगन होत्या दोन, त्याही उघड्या डेकवर, गोठलेल्या ताडपत्रीखाली. आत माणसे कागद जाळत होती, यंत्रे हातोड्यांनी फोडत होती. पण ढीग संपत नव्हता. गोळीबारात ड्यूएन हॉजेस हा खलाशी मारला गेला. उरलेले 82 जण कैद झाले.

मदतीसाठी हाक गेली होती. जपानमध्ये, ओकिनावात, दक्षिण कोरियात अमेरिकेचे तळ होते. ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौकाही त्या भागात होती. तरी एकही विमान वेळेत पोहोचले नाही. दक्षिण कोरियातली सज्ज विमाने अण्वस्त्रांसाठी ठेवलेली होती. ओकिनावाहून निघालेली विमाने इंधनासाठी दक्षिण कोरियात उतरली, तोवर अंधार पडत आला होता. परदेशातला तळ नकाशावर जवळ दिसतो, पण तिथले विमान कोणत्या कामासाठी सज्ज ठेवले आहे, यावर सगळे ठरते.

कैदेतले अकरा महिने मारहाणीचे होते. आपल्या माणसांना ठार मारण्याची धमकी मिळाल्यावर बुकर यांनी कबुलीजबाबावर सही केली. प्रचाराच्या छायाचित्रांत खलाशांनी मधले बोट उंचावले आणि पहारेकऱ्यांना सांगितले, ही हवाईतली शुभेच्छांची खूण आहे. अर्थ उघड झाल्यावर त्याची किंमत त्यांना अंगावर सोसावी लागली. 23 डिसेंबरला अमेरिकेच्या वतीने जनरल वुडवर्ड यांनी माफीनाम्यावर सही केली. सहीआधी त्यांनी त्यातला मजकूर नाकारत असल्याचे जाहीरपणे सांगितले. माणसे सुटली, जहाज राहिले. मायदेशी चौकशी मंडळाने बुकर यांच्यावर लष्करी खटल्याची शिफारस केली. नौदलमंत्री जॉन चेफी यांनी, या लोकांनी पुरेसे भोगले आहे, असे म्हणून ती फेटाळली. तो निर्णय मला न्यायाचा वाटतो. दोष त्यांना तिथे पाठवणाऱ्यांचा अधिक होता.

जहाजावरून संदेश सांकेतिक करणारी यंत्रेही शत्रूच्या हाती पडली. नौदलाने स्वतःची समजूत घातली: त्यांच्या सांकेतिक किल्ल्या नियमित बदलतात, त्यामुळे नुसत्या यंत्राचा उपयोग नाही. त्याच सुमारास जॉन वॉकर हा अमेरिकी नौदलातलाच माणूस त्या किल्ल्यांचे तक्ते सोव्हिएत संघाला विकू लागला होता. तो पकडला गेला 1985 मध्ये.