आर्नेल पिनेडा: 'एका रात्रीत' मिळालेल्या प्रसिद्धीमागची पंचवीस वर्षं

२००७ मध्ये अमेरिकन रॉक बँड 'जर्नी'चा गिटारवादक नील शॉन यूट्यूबवर गायक शोधत होता. तिथे त्याला मनिलाच्या 'द झू' बँडचा आर्नेल पिनेडा सापडला आणि चाळिशीतला हा फिलिपिनो गायक थेट जगप्रसिद्ध बँडच्या मुख्य माइकसमोर उभा राहिला. याला सगळे नशीब म्हणतात. पण आई गेल्यावर लहानपणी मनिलाच्या रस्त्यांवर झोपलेला आर्नेल १९८२ पासून बँडमध्ये गात होता. पुढे हाँगकाँगच्या क्लबांतही तो वर्षानुवर्षं गायला. यूट्यूबने फक्त दार उघडलं. आत टिकण्याची ताकद या रियाझाची होती.

आक्षेप असा की, तो जर्नीचा जुना गायक स्टीव्ह पेरी याची नक्कलच करतो. आवाज जुळतो म्हणूनच निवड झाली, हे खरंच. पण नक्कल जुन्या गाण्यांपुरती पुरते. २००८ च्या 'रेव्हलेशन'मध्ये जुन्या गाण्यांबरोबर नवी गाणीही होती, आणि तिथे उसना घ्यायला पेरीचा नमुनाच नव्हता. तो अल्बम अमेरिकेत प्लॅटिनम ठरला. नशिबाने संधी मिळते हे मान्य, पण दीड दशकाहून जास्त काळ ती जागा टिकवणं निव्वळ नशिबाच्या आवाक्यातलं नाही.